गप्पीचा कुलवृत्तांत

आमच्या जुन्या वाड्यात एक दगडी हौद होता. पावसाळ्याच्या तोंडावर हिवताप खात्याचा माणूस यायचा आणि डब्यातले बोटाच्या पेराएवढे मासे त्यात सोडून जायचा. ‘गप्पी मासे आहेत, डासांच्या अळ्या खातात,’ एवढेच सांगायचा. आजीने त्या नावाचा अर्थ आपल्यापुरता लावला होता : ‘सारखं तोंड हलवतात मेले, म्हणून गप्पी!’ चाळिशी ओलांडेपर्यंत माझीही तीच समजूत होती.

मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी नाही. नोकरी पतसंस्थेत, छंद जुन्या घराण्यांचे कुलवृत्तांत जमवण्याचा. त्यामुळे गप्पी हे चक्क आडनाव आहे हे कळल्यावर मी त्या माशाच्या मागे लागलो ते एखाद्या घराण्याच्या मागे लागावे तसाच.

रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी हा मूळचा लंडनचा इंग्रज. त्रिनिदाद बेटावर शाळाखात्यात अधिकारी आणि उरलेल्या वेळात जीवाश्म आणि शंख-शिंपले गोळा करणारा हौशी अभ्यासक. त्याने पाठवलेल्या माशांना ब्रिटिश म्युझियमच्या अल्बर्ट ग्युंथरने १८६६ मध्ये ‘गिरार्डिनस गप्पी’ असे शास्त्रीय नाव दिले. पण हा मासा आधीच बारशाला बसून उठला होता. व्हेनेझुएलातून आलेल्या नमुन्यांवरून बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्सने १८५९ मध्येच त्याला ‘पोसिलिया रेटिक्युलाटा’ म्हटले होते. १८६१ मध्ये दे फिलिप्पी या इटालियन शास्त्रज्ञाने बार्बाडोसच्या माशांवरून तिसरेच नाव ठेवले. हे सगळे मासे एकच, असा निवाडा १९१३ मध्ये झाला आणि गप्पीचे नाव शास्त्राच्या वहीतून खोडले गेले. लोकांच्या तोंडून मात्र ते गेले नाही. ज्याने मासा पहिल्यांदा नोंदवला त्या पीटर्सची आठवण कोणी काढत नाही.

१९०८ च्या सुमारास हा मासा जिवंत जर्मनीत पोचला आणि घरोघरच्या काचपेट्यांत शिरला. रंग नराच्या अंगावर. मादी नराहून मोठी, पण राखाडी, साधी. साहजिकच लक्ष नराकडे. कोपनहेगनच्या योहानेस श्मिट यांनी, ईल माशांच्या जन्मस्थानाचा शोध घेत अटलांटिक धुंडाळणारे तेच हे श्मिट, १९२० मध्ये दाखवून दिले की पाठीच्या परावरचा एक काळा ठिपका बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे बिनचूक जातो. मुलींचा त्यात संबंधच नाही. ओयविंद विंगे यांनी हे काम पुढे नेले. हा गुण वाय गुणसूत्रावरून, म्हणजे फक्त नरांच्या वाटेने चालतो. हे वाचताना मला हसू आले. आपल्या कुलवृत्तांतांची रीत हुबेहूब हीच! मूळपुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. सुनेचे नाव लागलेच तर कंसात, माहेरच्या आडनावासह.

विंगे यांचे निबंध ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ या नियतकालिकात आले. ते बेटसन आणि पनेट यांनी १९१० मध्ये इंग्लंडात सुरू केलेले. पुढे त्याचे संपादन जे. बी. एस. हाल्डेन यांच्याकडे आले आणि १९५७ मध्ये हाल्डेन कलकत्त्याला स्थायिक व्हायला निघाले तेव्हा नियतकालिकही त्यांच्याबरोबर भारतात आले. आज ते बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी काढते. शंभर वर्षांपूर्वीचा कोपनहेगनचा गप्पी माझ्यासारख्याला घरबसल्या वाचता आला तो या योगायोगामुळे.

आता माझ्या टाकीकडे वळतो. मी दोन फुटी टाकी घेतली आणि लालभडक शेपटीची एक जोडी आणली. तीन आठवड्यांत पिल्ले झाली. गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लेच देते आणि सापडली तर खातेही. म्हणून टाकीत शेवाळाचे दाट झुडूप ठेवले, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चिमटी-चिमटीने चारला. दोन महिन्यांनी नरांवर रंग चढले, तर एकही बापासारखा लाल नाही! पिवळसर, ठिपकेदार, सगळा बाजार. दुकानदाराने फसवले असे मी बरेच दिवस म्हणत होतो. वास्तविक दोष माझ्या अज्ञानाचा. मादी एकदा फळली की नराचे बीज कित्येक महिने पोटात जपते आणि पुढच्या अनेक वेतांना तेच पुरवते. दुकानातल्या गर्दीच्या टाकीतून आणलेली मादी कोणाची पिल्ले बरोबर आणते ते तिलाच ठाऊक.

मग मी शहाणा झालो, म्हणजे वही घातली. नर क्रमांक १, त्याचे मुलगे १-अ, १-आ. कुलवृत्तांताचा सराव कामी आला. मादीचा रकाना मात्र ‘माद्या ५’, ‘माद्या ८’ एवढाच. चार-पाच पिढ्यांनी लाल विटकरी झाला, शेपट्या आखडल्या. नर तर मी दर वेळी उत्तमच निवडत होतो.

उत्तर विंगे यांच्याच लेखनात होते. मी ते अर्धवट वाचले होते. १९२७ मध्ये त्यांनी गप्पीच्या १८ जनुकांच्या जागा मांडल्या. त्यांतली सगळी वाय गुणसूत्रावर नव्हती. काही रंग एक्स गुणसूत्रावर असतात आणि वाय-एक्समध्ये त्यांची अदलाबदलही होते. म्हणजे ती राखाडी आईही रंग बाळगून असते. तिच्या अंगावर तो दिसत नाही, मुलाच्या अंगावर उमटतो. मी निम्मे घराणे न बघताच निवड करत होतो.

आईचा वाटा एवढ्यावर संपत नाही. जॉन एंडलर यांनी त्रिनिदादच्या ओढ्यांत १९७० च्या दशकात केलेले काम प्रसिद्ध आहे. जिथे गप्पी खाणारे मोठे मासे असतात तिथे नर फिके असतात. ती भीती नसली की थोड्याच पिढ्यांत ते भडक होतात. कारण रंगीत नर पसंत करतात त्या माद्याच. ज्या रंगांवर आपण भाळतो, ते आपल्या आधी माद्यांनी निवडलेले आहेत.

आणखी एक स्त्री या वृत्तांतात कंसात राहिली आहे. हेलन स्परवे, हाल्डेन यांच्या पत्नी म्हणून ओळखल्या जातात. लंडनमध्ये त्यांनी नरांपासून जन्मापासून दूर ठेवलेल्या काही गप्पी माद्यांना पिल्ले झाल्याचे पाहिले, १९५३ मध्ये तसे लिहिले आणि मोठा गाजावाजा झाला. पुढे अधिक तपासाअंती काही मासे उभयलिंगी असल्याचा खुलासा त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला. आपले गाजलेले म्हणणे आपणच दुरुस्त करायला धैर्य लागते. त्याही १९५७ मध्ये भारतात आल्या. १९७८ मध्ये हैदराबादला वारल्या.

स्परवेबाईंचे हे वाचल्यावर मलाही एक नोंद दुरुस्त करणे भाग आहे. वही नीट घालायला लागलो तेव्हा पिल्ले महिन्याची व्हायच्या आत नर-माद्या वेगळ्या करू लागलो, प्रत्येक मादीला क्रमांक दिला. तिसऱ्या वर्षी लाल परत आला. पण त्याआधीच्या काळात जास्तीच्या माद्यांचे मी काय केले? देखणे नर ठेवले आणि माद्या गावाबाहेरच्या ओढ्यात सोडून आलो. ‘डास तरी खातील’ असे म्हणत, पुण्यकर्म केल्याच्या भावनेने. एकदा नव्हे, अनेकदा.

ज्या मादीच्या पोटात महिनोन् महिने बीज टिकते, ती एकटीच नवे घराणे वसवू शकते, हे मला तेव्हा कळायला हवे होते. बंदिस्त हौदातला गप्पी वेगळा, वाहत्या पाण्यातला वेगळा. सह्याद्रीच्या पायथ्याच्या ओढ्यांतून इथलेच छोटे मासे आहेत. डोक्यावर चमकता ठिपका मिरवणारा अ‍ॅप्लोकायलस त्यांतलाच. तोही डासांच्या अळ्या खातो, त्याला कोणी आणून सोडावे लागले नाही. आता त्याच्या घासात आणि जागेत मी वाटेकरी आणून बसवले.

गेल्या जूनमध्ये ओढ्यावर गेलो होतो. काठाच्या उथळ पाण्यात राखाडी माद्यांचा थवा होता. त्यांच्यात एक नर, शेपटीला किंचित लाल. माझ्या वहीत त्याची नोंद नाही. घरी येऊन मी शेवटच्या पानावर ओढ्याचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले : ‘माद्या, संख्या अज्ञात. मीच सोडल्या.’