वळणावरचा आवाज : मोटारदुरुस्तीच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना :

सरळ रस्त्यावर निमूटपणे धावणारी मोटार स्टिअरिंग वळविताच घरघरू लागते, हा अनुभव अनेकांना आलेला असेल. इतिहासाच्या अभ्यासकाने या आवाजाकडे लक्ष का द्यावे, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुधा शोधांचा आणि संशोधकांचा इतिहास म्हणून शिकवितो. डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या २००६ सालच्या ग्रंथात तो वापर आणि देखभाल यांच्या अंगाने लिहिण्याची गरज प्रतिपादन केली. त्या दृष्टीने वळणावरचा आवाज हे एक ऐतिहासिक साधनच ठरते. वळण घेणे ही चाकाच्या वाहनापुढील जुनी अडचण असून तिच्यावरील प्रत्येक उपायाने झिजण्याची एक नवी जागा निर्माण केली. १९८३ नंतर भारतीय मिस्त्रीला हा बदल कसा ऐकू आला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

वळणाचा प्रश्न :

वळणावर आतले चाक कमी आणि बाहेरचे चाक अधिक अंतर कापते. पुढची दोन्ही चाके सारखीच वळविली तर ती घासत जातात. म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्श्पेर्गर याने घोडागाडीसाठी यावर तोड काढली आणि रुडॉल्फ अकरमन याने १८१८ साली इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. रचना एकाची आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार येथेही घडला. चालक चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर याने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी योजला. सरळ रस्त्यावर त्यातील लहान दातेरी चक्रे जवळजवळ स्वस्थ असतात. त्यांना खरे काम वळणावरच पडते. म्हणूनच ती झिजली की गाडी वळणावरच कुरकुरते.

इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना द्यावयाची तर प्रश्न आणखी बिकट होतो, कारण तेच चाक फिरलेही पाहिजे आणि वळलेही पाहिजे. सतराव्या शतकापासून रॉबर्ट हूक याच्या नावाने ओळखला जाणारा सांधा कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. लांब शाफ्टवर, लहान कोनात, हे खपून जाते. पूर्ण वळविलेल्या चाकावर मात्र हिसके बसतात. १९२६ च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फेनाय यांचा ‘ट्रॅक्टा’ सांधा आणि अमेरिकेत फोर्डमधील अभियंता आल्फ्रेड झेप्पा याचा सांधा पुढे आला. झेप्पाच्या रचनेत सहा पोलादी गोळ्या खोबणींमध्ये बसविलेल्या असून एक पिंजरा त्यांना दोन शाफ्टांमधील कोनाच्या बरोबर मध्यावर धरून ठेवतो. त्यामुळे वेग कायम राहतो. १९३४ च्या सित्रोएन ‘त्राक्सियाँ आवाँ’ने पुढच्या चाकांवरील चालन मोठ्या प्रमाणावर आणले, तर १९५९ च्या ब्रिटिश ‘मिनी’ने झेप्पा जातीचा सांधा लहान मोटारीत रुळविला.

भारतीय गॅरेजमधील स्थित्यंतर :

भारतात मात्र अँबॅसिडर आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, या दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. वळणावर आवाज आला की मिस्त्री चाकाचे बेअरिंग तपासीत आणि मग डिफरन्शियलकडे वळत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचे ७९६ सीसीचे इंजिन पुढची चाके फिरवीत असे. तिच्याबरोबर एक अपरिचित आवाजही आला : स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी चालविताना येणारी ठेक्यातील कटकट. सांध्यावरील रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर उडते, धूळपाणी आत शिरते आणि गोळ्यांच्या खोबणी खड्ड्याखड्ड्यांच्या होतात. कटकट सुरू होण्यापूर्वी बूट बदलून नवे ग्रीस भरल्यास सांधा वाचतो. त्यानंतर मात्र तो बदलावाच लागतो.

परंतु प्रत्येक आवाज सांध्याचा नसतो आणि नव्या विद्येचा अतिरेक नेमका येथे होतो. प्रस्तुत लेखकाच्या जुन्या मारुतीला उजव्या वळणावर घरघर येत असे. एका गॅरेजमध्ये डाव्या बाजूचा अख्खा एक्सल बदलण्यात आला, अर्ध्या महिन्याचे घरभाडे गेले आणि घरघर तशीच राहिली. पुढे तालुक्याच्या गावी एका वृद्ध मिस्त्रींना गाडी दाखविली. पद्मिनीवर हात बसलेले हे गृहस्थ प्रथम शेजारी बसले. “सर, जरा वेग वाढवा,” एवढेच म्हणाले. वेगाबरोबर आवाज चढला. मग त्यांनी चाक जॅकवर उचलले, हाताने फिरविले आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. “बघा, इथं कापतंय.” चाक वर-खाली धरून हलविले तेव्हा ढिलाईही कळली. कारण साधे होते. उजवीकडे वळताना गाडीचा भार डावीकडे जातो आणि झिजलेले डावे बेअरिंग त्याखाली ओरडते. चकतीमागचा पातळ पत्रा वाकून घासत नाही ना, त्यात खडा अडकलेला नाही ना आणि ब्रेक पॅड संपलेले नाहीत ना, हेही त्यांनी पाहून घेतले. जुने बेअरिंग त्यांनी हातोडीने न ठोकता प्रेसवर काढले आणि नवेही तसेच बसविले. तसेच आणखी काही महिने चालविले असते तर चाकच डगमगू लागले असते.

येथे निदान जुने होते आणि गाडी नवी. नव्या आवाजाची ओळख झाल्यावर जुन्या आवाजाचा विसर पडणे हा या स्थित्यंतराचा अलक्षित भाग आहे. कंपन्यांच्या छापील पुस्तिकांत ढिलाईचे माप सापडते. स्प्रिंगवर हात ठेवण्याची रीत कोणी कोणाकडून घेतली, याचा पुरावा मात्र मौखिकच आहे. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. तिच्यावर शिकलेले अनेक कारागीर आता उतारवयात आहेत आणि महाविद्यालयांतील इतिहास विभागांना त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे अद्याप शक्य आहे. प्रस्तुत लेखकाने त्या मिस्त्रींपासून आरंभ केला आहे. पहिल्याच बैठकीत त्यांनी निरनिराळ्या बेअरिंगांचे चार आवाज तोंडाने काढून दाखविले. ते देवनागरीत कसे लिहावेत, हे अजून ठरलेले नाही.