शिक्का खरा, पत्र खोटे

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे गाव आज साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते आणखी एका कारणाने ठाऊक असते. फिरिश्त्याच्या वृत्तांतानुसार अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला. विजयनगरच्या मुलखात तो बहमनी सैन्याच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि पुढे बीदरच्या दरबारात निजामुल्मुल्क या किताबापर्यंत चढला. गावचे दफ्तर राखणाऱ्या घराण्यातील या पुरुषाचे नाव दख्खनच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या बनावट पत्राशी जोडले गेले आहे. व्यवसायाच्या रास्त कामासाठी केलेल्या फोनवर ‘स्पॅम’चा शिक्का बसू नये म्हणून आज जी खटपट चालू आहे, तिचा विचार करताना त्या पत्राचे स्मरण आम्हांस उपयोगी वाटते.

बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान हा मूळचा इराणातील गीलानचा. व्यापाराच्या निमित्ताने दख्खनेत आलेला. ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा त्याचा किताब होता. पत्रलेखनकलेवर त्याने ग्रंथ लिहिला आणि त्याची स्वतःची पत्रे ‘रियाज-उल-इन्शा’ या नावाने संग्रहित झाली. अशा माणसाचा घात पत्रानेच व्हावा, हा दैवदुर्विलास होय. त्याच्या शिक्क्याची राखण करणाऱ्यास विरोधकांनी फितवले, कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला राज्यावर चालून येण्याचे निमंत्रण लिहिले. या कटामागे मलिक हसनाचा हात होता, असे मानले जाते. सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाने जाब विचारला तेव्हा गवानने शिक्का आपला असल्याचे मान्य केले, पत्र मात्र आपले नाही असे सांगितले. सुलतानाने अधिक चौकशी केली नाही. एप्रिल १४८१ मध्ये गवानचा शिरच्छेद झाला. पत्र खोटे होते हे पुढे उघड झाले खरे, पण तोवर राज्याचा आधार गेला होता.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिक्का हा पाठवणाऱ्याची ओळख सांगतो, मजकुराची ग्वाही देत नाही. ज्याच्या पत्रांची शैली दरबारास परिचित होती, त्याचा मजकूर तपासण्याऐवजी केवळ खूण पाहून निकाल दिला गेला. दूरध्वनीच्या बाबतीत आपण याच पेचात आहोत. नकोशा फोनना आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००७ मध्ये ‘डू नॉट कॉल’ नोंदवही आणली. २०१० च्या नियमांनंतर जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरले. २०१८ च्या नियमांनी व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्या संस्थांची नोंद एका सामायिक वितरित खातेवहीत करण्याची व्यवस्था घातली. दुसरीकडे २००९ मध्ये स्वीडनमध्ये निघालेल्या ‘ट्रूकॉलर’सारख्या सेवांनी निवाडा जनतेच्या हाती दिला: पुरेशा लोकांनी तक्रार केली की क्रमांक तांबडा होतो. या निवाड्यात सुलतानाची घाई आहे. कंटाळून दाबलेले एक बटण आणि विचारपूर्वक केलेली तक्रार यांत यंत्रास फरक कळेलच असे नाही.

म्हणून सरकारने नवा शिक्का काढला. मे २०२४ मध्ये सेवा व व्यवहारांच्या फोनांसाठी १६० ची मालिका जाहीर झाली. ती आता १६०० ने सुरू होणारे क्रमांक म्हणून ओळखली जाते. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना व्यवहाराचे फोन या मालिकेतून आणि जाहिरातीचे १४० मधून करण्यास सांगितले. ही वाटणी आम्हांस मोलाची वाटते. खात्यातून संशयास्पद रक्कम जात असल्याचे सांगणारा फोन आणि कर्ज घ्या म्हणून गळ घालणारा फोन एकाच क्रमांकावरून आले, तर ग्राहक दोन्ही तोडतो, आणि पहिला तोडल्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

परंतु ही मालिका प्रथम सरकारी कार्यालये आणि नियामकांच्या अखत्यारीतील वित्तसंस्था यांनाच खुली झाली. पाथरीच्या बाजारातला बियाणे विक्रेता, दुरुस्ती केंद्र किंवा खासगी दवाखाना यांच्याजवळ साधा दहा अंकी क्रमांकच असतो. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने नोंदणी नसलेल्या प्रेषकावर कारवाईसाठी सात दिवसांत दहा तक्रारींऐवजी दहा दिवसांत पाचच तक्रारी पुरेशा ठरवल्या. ठगांसाठी कडक केलेली ही मर्यादा प्रामाणिक पण अजाण दुकानदारासही लागू होते. त्याच्यापुरता मार्ग साधा आहे: ज्याने संमती दिली त्यालाच फोन करावा, आरंभीच दुकानाचे नाव व काम सांगावे, कामाच्या फोनात विक्रीची भर घालू नये, आणि जाहिरातच करायची तर रीतसर नोंदणी करून करावी.

बँकांवरील जबाबदारी याहून जड आहे. गवानचा शिक्का चोरीस गेला नव्हता. तो राखणाऱ्यानेच वापरू दिला होता. १६०० च्या क्रमांकावरून उद्या कोणी विमा विकू लागला, तर तो क्रमांकही लोक तोडू लागतील, आणि मग खऱ्या इशाऱ्यासाठी तिसरा शिक्का शोधावा लागेल. तोवर ज्यांना असा एकही शिक्का मिळालेला नाही, त्यांच्या फोनचा निवाडा करताना त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची सोय हवी. गवानला ती मिळाली नव्हती.