रेडिओ-विमानांच्या मैदानाची शिस्त

रेडिओच्या साहाय्याने उडवल्या जाणाऱ्या प्रतिकृती-विमानांचा इतिहास बहुधा उपकरणांच्या सुधारणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो; परंतु या छंदाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या मैदानावरील शिस्तीत आहे, आणि ही शिस्त कोणी वरून लादलेली नसून जुन्या उपकरणांच्या उणिवांतून घडत गेली आहे.

रेडिओ येण्यापूर्वी प्रतिकृती-विमान एकदा हातातून सुटले की त्याच्यावर कोणाचाच ताबा राहत नसे. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांनी 1871 मध्ये पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात पीळ दिलेल्या रबरावर चालणारे लहानसे विमान उडवून दाखवले, तेव्हा त्याचा तोल राखण्याचे काम शेपटीच्या आडव्या पृष्ठाला दिलेल्या किंचित कोनावर सोपवलेले होते. पुढे 1930 च्या दशकात अमेरिकेत ब्राउन ज्युनिअरसारखी छोटी पेट्रोल इंजिने बाजारात आली आणि विमाने मैलोगणती दूर जाऊन हरवू लागली, त्यामुळे त्यांना जमिनीवरून वळवण्याची निकड निर्माण झाली. मिशिगनमधील कॅलामाझू येथील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांपैकी वॉल्टर विमाने बांधण्यात आणि विल्यम हौशी रेडिओत निष्णात होता. या दोन कौशल्यांच्या संयोगातून 1937 मध्ये सुमारे आठ फूट पंखविस्ताराचे ‘गफ’ हे विमान रेडिओच्या हुकमतीत उडाले, आणि ते आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

तरीही ‘हुकमत’ हा शब्द त्या काळासाठी जपूनच वापरावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झालेल्या एकवाहिनी पद्धतीत ट्रान्समीटरला केवळ एक बटण असे. विमानाच्या धडात लांबवर ताणून पीळ दिलेले रबर असे आणि ‘एस्केपमेंट’ नावाची विद्युतचुंबकी खिटी ते अडवून धरी. बटण दाबले की खिटी सुटून चाक एक टप्पा फिरे व सुकाणू उजवीकडे जाई, बटण सोडले की ते मध्यावर येई, आणि पुन्हा दाबले की डावीकडे जाई. याआधीचे वळण कोणत्या बाजूचे होते हे उडवणाऱ्याला सतत लक्षात ठेवावे लागे. त्यात एक चूक झाली किंवा सुकाणू क्षणभर जास्त वळलेले राहिले, तर विमान घसरत्या गिरकीत सापडून जमिनीवर आदळे. इंजिनाचा वेग कमी-जास्त करण्याची सोय बहुधा नसल्याने टाकीतले इंधन संपेपर्यंत ते चालत राही आणि मग विमान तरंगत उतरे.

अशा परिस्थितीत सुरक्षिततेचा मोठा भाग उड्डाणाआधी, बांधणीच्या मेजावरच ठरत असे. संचातून येणाऱ्या बाल्सा लाकडाच्या पट्ट्या आणि फासळ्या पूर्ण आकाराच्या नकाशावर टाचण्यांनी रोवून चिकटवल्या जात, वर पातळ टिश्यू कागद ताणून त्यावर ‘डोप’ नावाचे रोगण दिले जाई. हे रोगण वाळताना आकसते, आणि पंख सपाट फळीवर वजनाखाली दाबून ठेवला नाही तर तो नकळत पिळवटतो. असा पिळवटलेला पंख हवेत एका अंगाला ओढतो, आणि एकाच बटणाच्या आधारावर ती ओढ सावरणे अवघड होते. म्हणून पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या साधारण एक-तृतीयांशावर गुरुत्वमध्य आहे की नाही हे दोन बोटांवर विमान तोलून पाहायचे, आणि मग उंच गवतावर इंजिन बंद ठेवून हाताने सोडून त्याचे तरंगणे तपासायचे, हा परिपाठ पडला. त्या पिढीने बांधणी आणि उड्डाण यांत फारकत मानलीच नाही, आणि ही तिची फार मोलाची देणगी आहे.

दुसरी उणीव रेडिओ लहरींची होती. 1950 च्या दशकात अमेरिकेत 27 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील लहरी परीक्षेविना वापरता येऊ लागल्या आणि छंद पसरला. परंतु त्या वेळचे साधे रिसीव्हर जवळजवळ सारा पट्टा एकदमच ऐकत, त्यामुळे मैदानावर एका वेळी एकच विमान उडवावे लागे. पुढे स्फटिकाने लहर नेमकी करणारे रिसीव्हर आल्यावर अनेकांना एकत्र उडवता येऊ लागले, मात्र दोघांनी एकाच लहरीवर ट्रान्समीटर सुरू केला तर हवेतले विमान कोसळणे जवळजवळ ठरलेलेच असे. यावर मैदानांनी काढलेला तोडगा विलक्षण साधा होता: फळीवर प्रत्येक लहरीचा क्रमांक लिहिलेला एकच कपड्याचा चिमटा टांगलेला असे, आणि तो घेऊन अँटेनाला लावल्याखेरीज ट्रान्समीटर सुरू करायचा नाही, असा दंडक होता. चिमटा फळीवर नसेल तर तो दुसऱ्याकडे आहे हे उघडच असे, मग थांबायचे. दुसऱ्याचे महिन्यांचे श्रम आणि खाली उभ्या माणसांचा जीव आपल्या थांबण्यावर अवलंबून आहे, ही जाणीव या रिवाजाने जितकी रुजवली तितकी छापील नियमावलीने क्वचितच रुजवली असेल.

1960 च्या दशकात प्रमाणबद्ध डिजिटल पद्धत आली, तिच्यात ट्रान्समीटरवरील काडी जितकी हलवावी तितकेच सुकाणू वळू लागले. सर्व्हो या छोट्या मोटर-यंत्रणेला सुमारे एक ते दोन सहस्रांश सेकंद लांबीचे स्पंद मिळतात आणि स्पंदाच्या लांबीवरून ती आपली जागा ठरवते. 2005 च्या सुमारास 2.4 गिगाहर्ट्‌झची उपकरणे बाजारात आली. त्यांत रिसीव्हर केवळ आपल्याच ट्रान्समीटरची सांकेतिक खूण ओळखतो, त्यामुळे चिमट्यांच्या फळ्या हळूहळू उतरल्या. मात्र सहकाऱ्याच्या हाती विमान देऊन, ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम कमी करून दूर चालत जायचे आणि सुकाणू हलते का ते पाहायचे, ही पल्ल्याची चाचणी राहिली. तिच्यासोबत संदेश तुटल्यास इंजिन आपोआप मंदावते का, हे तपासण्याची भर पडली.

भारतात एन.सी.सी.च्या हवाई शाखेच्या प्रशिक्षणात प्रतिकृती-विमानांना स्थान आहे, आणि 2021 च्या ड्रोन नियमांनी अशा विमानांची स्वतंत्र व्याख्या केली आहे: वजन 25 किलोपेक्षा जास्त नसावे, हेतू शिक्षण, संशोधन, आरेखन, चाचणी किंवा मनोरंजनाचा असावा, आणि उड्डाण उडवणाऱ्याच्या दृष्टिपथातच व्हावे. ही शेवटची अट मैदानावरील जाणत्यांना नवी नाही, कारण ठरावीक अंतरापलीकडे विमान येत आहे की जात आहे हेच डोळ्याला उमजत नाही, आणि मग उजवीकडचा हुकूम कोणत्या दिशेला नेईल हे सांगणे अशक्य होते.