निंबाळकर आडनाव आले कुठून? निंबळक ते बार्शीचा परिसर, एका सरदार घराण्याच्या नावाचा प्रवास

बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यात येतो, पण लोकसभेला बार्शीकर मतदान करतात ते धाराशिव मतदारसंघात. २०१९ च्या निवडणुकीत या मतदारसंघातून ओमराजे निंबाळकर निवडून आले. त्याच वेळी शेजारच्या माढा मतदारसंघातून रणजितसिंह नाईक निंबाळकर खासदार झाले. एकाला लागून एक असलेले दोन मतदारसंघ, आणि दोन्हीकडे निंबाळकर.

साहजिकच अनेकांना प्रश्न पडतो. हे सगळे निंबाळकर एकच का? कुणी नुसते निंबाळकर लावतो, कुणी नाईक निंबाळकर, तर कुणी राजेनिंबाळकर. यात फरक काय? आणि फलटणचे हे आडनाव करमाळा, खर्डा, तुळजापूर अशा बार्शीच्या आसपासच्या गावांपर्यंत पोहोचले कसे?

मूळ गाव निंबळक

आडनावाचे मूळ सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातील निंबळक या गावात आहे. मराठीत गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव होते. नागपूरचा नागपूरकर, फलटणचा फलटणकर, तसा निंबळकचा निंबाळकर. निंबळकच्या शेवटी आधीच ‘क’ असल्यामुळे ‘निंबळककर’ म्हणायला जड जाते. बोलण्यात एक ‘क’ गळाला, मधला स्वर लांबला आणि निंबाळकर रूढ झाले.

घराण्याची परंपरा मात्र आणखी मागे जाते. तिच्यानुसार हे मूळचे पवार, म्हणजे माळव्यातल्या धारच्या परमार राजवंशाशी नाते सांगणारे कूळ. त्यातला निंबराज नावाचा पुरुष दक्षिणेत आला, शंभू महादेवाच्या डोंगराच्या परिसरात राहिला आणि निंबळकला स्थिरावला. त्याच्या वंशजाने दिल्लीच्या महंमद तुघलकाची चाकरी केली आणि त्याबद्दल ‘नाईक’ हा किताब व फलटणची जहागीर मिळाली, असेही परंपरा सांगते. वंशावळीतल्या या सुरुवातीच्या पिढ्या आख्यायिका म्हणून वाचायला हव्यात. नंतरच्या काळातले फलटणचे नाईक मात्र कागदपत्रांत स्पष्ट दिसतात.

यातून एक गोष्ट लक्षात येते. पवार हे कूळ आणि निंबाळकर हे आडनाव. कूळ रक्ताचे नाते सांगते, आडनाव बहुतेकदा ठिकाण, हुद्दा किंवा काम सांगते. म्हणूनच जुन्या पद्धतीने सोयरीक जुळवताना नुसते आडनाव पुरत नाही. “पाव्हणं, कूळ कोणतं? देवक कोणतं? मूळ गाव कोणतं?” असे प्रश्न येतात. आडनावे वेगळी असली तरी कूळ एक निघाले, तर परंपरेने सोयरीक टाळली जाते.

नाईक, राजे आणि रावरंभा

‘नाईक’ म्हणजे तुकडीचा पुढारी, नायक. हा किताब एकट्या फलटणच्या घराण्याचा नव्हता. किल्ल्यांचा आणि वाटांचा बंदोबस्त पाहणाऱ्या रामोशी व बेरड समाजातही नाईक होते. लष्करात आजही नाईक हा हुद्दा आहे. फलटणच्या घराण्याने हा किताब आडनावापुढे कायम ठेवला आणि ‘नाईक निंबाळकर’ ही त्यांची ओळख झाली.

‘राजे’ हा आधी मानाचा शब्द होता. पुढे काही शाखांत तो आडनावालाच चिकटला आणि ‘राजेनिंबाळकर’ तयार झाले. बार्शी आणि धाराशिवकडच्या पट्ट्यात हे रूप जास्त कानावर पडते.

तिसरा किताब ‘रावरंभा’. तो थेट निजामाच्या दरबारातून आला आणि बार्शी परिसराच्या इतिहासाशी त्याचा जवळचा संबंध आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

असे किताब नावात मुरणे ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. जर्मन भाषेत गावाच्या नावाआधी ‘फॉन’ लावत, म्हणजे ‘अमुक ठिकाणचा’. हळूहळू ते उमरावपणाचे चिन्ह झाले. १९१९ मध्ये ऑस्ट्रियाने कायदा करून ते काढून टाकले. जर्मनीने त्याच वर्षी उमरावांचे विशेष हक्क संपवले, पण ‘फॉन’ आडनावाचा भाग म्हणून राहू दिले. भारतातही राज्यघटनेच्या कलम १८ ने राज्याने किताब देणे बंद केले, आणि १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे गेले. नावातले ‘राजे’ आणि ‘नाईक’ मात्र राहिले, आता निव्वळ आडनाव म्हणून.

भोसल्यांशी सोयरीक

फलटणच्या निंबाळकरांचे नाव महाराष्ट्रभर झाले ते भोसले घराण्याशी झालेल्या सोयरिकींमुळे. शहाजीराजांच्या आई, म्हणजे मालोजीराजांच्या पत्नी, फलटणच्या निंबाळकरांच्या लेक. दीपाबाई आणि उमाबाई अशी त्यांची दोन्ही नावे सांगितली जातात. वणगोजी ऊर्फ जगपाळराव निंबाळकर हे त्यांचे भाऊ.

पुढे १६४० मध्ये शिवाजी महाराजांचा विवाह मुधोजी नाईक निंबाळकर यांच्या कन्या सईबाई यांच्याशी झाला. संभाजी महाराज हे सईबाईंचे पुत्र. १६५९ मध्ये राजगडावर सईबाईंचे निधन झाले.

सईबाईंचे भाऊ बजाजी नाईक निंबाळकर यांना विजापूरच्या आदिलशाहीत धर्म बदलावा लागला. जिजाबाईंच्या पुढाकाराने त्यांना परत हिंदू धर्मात घेण्यात आले. जातगंगेने स्वीकारले की नाही याची शंका राहू नये, म्हणून बजाजींचे पुत्र महादजी यांना शिवाजी महाराजांची कन्या सखुबाई देण्यात आली. त्या काळात सोयरीक हा सर्वांत मोठा दाखला होता.

तरीही निंबाळकर सरदार नेहमी भोसल्यांच्याच बाजूने लढले असे नाही. मुलूख ज्याच्या सत्तेखाली, त्याची चाकरी करून वतन सांभाळायचे, ही त्या काळच्या देशमुख आणि सरदार घराण्यांची रीत. आदिलशाही, मोगल, छत्रपती, निजाम या सगळ्यांच्या फौजांत वेगवेगळ्या वेळी निंबाळकर दिसतात. आडनाव फलटणबाहेर पसरले ते मुख्यतः या चाकरीमुळे.

करमाळ्याचे रावरंभा

१८ व्या शतकाच्या सुरुवातीला शाहू महाराजांच्या दरबारातले काही सरदार नाराज होऊन निजामाकडे गेले. चंद्रसेन जाधव हे त्यातले मोठे नाव. त्यांच्याप्रमाणेच रंभाजी निंबाळकरही निजाम-उल-मुल्कला जाऊन मिळाले. निजामाने त्यांना ‘रावरंभा’ हा किताब दिला. रंभाजी या नावावरून आलेला हा किताब पुढच्या पिढ्यांकडेही गेला.

रंभाजींची जहागीर पुण्याजवळ होती. स्वराज्याच्या अगदी मध्यात निजामाचा सरदार असणे सातारच्या दरबाराला परवडणारे नव्हते. निजाम आणि छत्रपती यांच्यातल्या तडजोडीत ही जहागीर बदलण्यात आली, आणि पुण्याच्या ऐवजी रंभाजींना करमाळ्याचा मुलूख मिळाला. निंबाळकरांची एक शाखा आजच्या सोलापूर जिल्ह्यात येऊन बसली ती अशी.

करमाळ्याचा भुईकोट किल्ला रावरंभांनी सुरू केला आणि त्यांचे पुत्र जानोजी यांनी पूर्ण केला. गावाबाहेरचे कमलाभवानीचे मंदिरही याच घराण्याने बांधले. मंदिराजवळची ९६ पायऱ्यांची विहीर आजही लोक मुद्दाम पाहायला जातात. ही देवी तुळजाभवानीचेच रूप मानली जाते. जहागीर नवी असली तरी देवी ओळखीची, त्यामुळे नव्या मुलखात घराणे रुजायला मदत झाली.

खर्डा आणि तुळजापूर

बार्शीहून उत्तरेला भूम ओलांडून पुढे गेले की जामखेड तालुक्यातले खर्डा लागते. इथला भुईकोट किल्ला १७४३ चा, सुलतानराजे निंबाळकर यांनी बांधलेला. तेही निजामाच्या बाजूचे सरदार. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा निजामअलीने याच किल्ल्यात आसरा घेतला होता.

बार्शीच्या आग्नेयेला तुळजापूर. तुळजाभवानीच्या मंदिरात आतल्या प्रांगणात उतरताना जो दरवाजा लागतो, त्याला आजही निंबाळकर दरवाजा म्हणतात. नवरात्रात लाखो भाविक या दरवाजातून जातात.

नकाशावर करमाळा, खर्डा आणि तुळजापूर या खुणा केल्या, तर बार्शी त्यांच्या मधोमध येते. मराठे आणि निजाम यांच्यातली सीमा इथूनच सरकत राहिली. बार्शीच्या भगवंत मंदिराच्या सनदांवरूनही सत्ता कशा बदलल्या ते कळते. १७६० मध्ये नानासाहेब पेशव्यांची सनद, १८२३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची आणि १८७४ मध्ये ब्रिटिश सरकारची.

सीमेवरच्या अशा भागात सरदारांना मागणी असते. दोन्ही सत्तांना माणसे हवी असतात आणि दोघेही जमीन द्यायला तयार असतात. फलटणच्या खालोखाल हे आडनाव या पट्ट्यात एवढे का दिसते, याचे मोठे कारण हेच.

फलटणची मुख्य गादी मात्र टिकून राहिली. ब्रिटिश काळात ते संस्थान झाले. १९४८ मध्ये ते तेव्हाच्या मुंबई प्रांतात विलीन झाले. शेवटचे संस्थानिक मालोजीराव नाईक निंबाळकर पुढे मुंबई राज्यात मंत्री झाले.

प्रत्येक निंबाळकर सरदार घराण्यातला असतो का?

नाही. ‘कर’ हा प्रत्यय कुणाच्या मालकीचा नाही. निंबळक सोडून दुसऱ्या गावी गेलेला शेतकरी, कारागीर, पुजारी, कुणीही नव्या गावात निंबाळकर म्हणून ओळखला जाऊ शकतो. त्यामुळे गावावरून पडलेली आडनावे अनेक जातींत सारखीच आढळतात.

शिवाय निंबळक नावाचे गावही एकच नाही. अहिल्यानगर शहराजवळ एक निंबळक आहे, तिथे रेल्वे स्टेशनही आहे. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातही निंबळक आहे. तिथून बाहेर पडलेल्यांचे आडनावही निंबाळकर होऊ शकते, आणि फलटणशी त्यांचा काडीचाही संबंध नसेल.

उलटही घडते. एकाच भाऊबंदकीतला एक भाऊ गावची पाटिलकी असल्यामुळे ‘पाटील’ लावतो, दुसरा जुनेच आडनाव ठेवतो. देशमुखी असलेल्यांनी ‘देशमुख’ घेतले. तीन-चार पिढ्यांनी चुलत भावंडांची आडनावे वेगवेगळी होतात आणि नाते फक्त म्हाताऱ्या माणसांना माहीत राहते. म्हणून आडनाव सारखे म्हणजे रक्त एक, आणि आडनाव वेगळे म्हणजे नाते नाही, हे दोन्ही समज चुकीचे ठरतात. सुरुवातीला उल्लेख केलेल्या दोन मतदारसंघांनाही हेच लागू आहे.

मग आपले मूळ शोधायचे कसे?

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. त्यानंतर गावोगावी लोक जुने कागद शोधू लागले. तेव्हा अनेकांच्या लक्षात आले की नुसत्या आडनावाने काही सिद्ध होत नाही. पणजोबा, खापरपणजोबा यांच्यापर्यंत नावांची साखळी जुळावी लागते.

बार्शीकरांसाठी यात एक खास गोष्ट आहे. ब्रिटिश काळात बार्शी तालुका मुंबई इलाख्यात होता, पण शेजारचा उस्मानाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्यामुळे आजोळ किंवा मूळ गाव धाराशिवकडे असेल, तर कागदांची पद्धतच बदलते. इकडे मोडी आणि मराठी, तर तिकडे उर्दू कागदही निघतात.

शोध घेताना पुढील कागद उपयोगी पडतात:

- जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, म्हणजे कोतवाल बुक. यात अनेकदा आडनाव नसते. नाव, बापाचे नाव आणि जात असते.
- फेरफार, हक्कनोंद आणि जुने सातबारा.
- शाळेच्या जनरल रजिस्टरमधील आजोबा-पणजोबांची नोंद.
- हेळवी समाजाच्या वह्या. सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागात हेळवी पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी लिहीत आले आहेत.
- तीर्थक्षेत्रातल्या पुजाऱ्यांच्या बाडांतील नोंदी. कुटुंबातले कोण कधी दर्शनाला आले, ते त्यांत सापडते.

सुरुवात मात्र घरातूनच करावी. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मूळ गाव, कुलदैवत, देवक आणि भाऊबंदांची गावे विचारून लिहून ठेवावीत. कागद कचेरीत पुढेही मिळतील. आजीला ठाऊक असलेली नावे मात्र तिच्याबरोबरच जातात.

निंबाळकर या आडनावाबद्दल खात्रीने एवढेच म्हणता येते की या माणसाचे पूर्वज कधीतरी निंबळक नावाच्या गावातून निघाले असावेत. ते घोड्यावर बसून निघाले की डोक्यावर बोचके घेऊन, याचे उत्तर आडनावात मिळत नाही. ते जुन्या वह्यांत आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडेच शोधावे लागते.