झपाटलेल्या बाहुलीची वंशावळ

सुरतेच्या नवागाम-दिंडोली भागात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे. उधना-जळगाव लोहमार्गाने ही माणसे पोटासाठी आली आणि यंत्रमागांच्या व कापडाच्या कारखान्यांत रुजली. घरात अहिराणी, बाहेर गुजराती व हिंदी, असा त्यांचा भाषिक संसार. तेथे वाढलेल्या तरुणांना मराठी ग्रंथकारांची नावे विचारली, तर ते घुटमळतात. परंतु एक नाव उच्चारताच त्यांच्या चेहऱ्यांवर हसू उमटते, असा आमचा अनुभव आहे. ते नाव तात्या विंचू. या हास्याचा उगम शोधणे हे वाङ्मयाच्या अभ्यासकाला कमीपणाचे वाटू नये, अशी आमची धारणा आहे.

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ हा चित्रपट 1993 साली प्रदर्शित झाला. मरणोन्मुख गुंडाचा आत्मा मंत्रबळाने एका बाहुलीत शिरतो, आणि ती बाहुली लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगविलेल्या भाबड्या तरुणाच्या मागे लागते, एवढेच कथानक. कल्पना 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटावरून सुचलेली आहे, हे कोणी नाकारीत नाही. युक्त्या जुजबी, रक्तपात बेताचा. गुडघ्याएवढी बाहुली थोराड माणसांना पळता भुई थोडी करते, हे पाहून भीतीपेक्षा हसूच अधिक येते. मग तीस वर्षांनंतरही हा चित्रपट लोकांना का हवासा वाटतो?

उत्तरासाठी थोडे दूर जावे लागेल. मारेकरी यंत्रांच्या कथांचे कुल कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकापासून सुरू होते. ते 1920 साली प्रसिद्ध झाले आणि ‘रोबो’ हा शब्द जगाला मिळाला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. वेठीला धरलेला कृत्रिम मजूर मालकावर उलटतो, ही त्यातली मूळ भीती. पुढे 1984 च्या ‘टर्मिनेटर’पर्यंत आणि त्याच्या काळातल्या कित्येक स्वस्त भयपटांपर्यंत तीच भीती नाना रूपांनी नाचत राहिली. पत्र्याचे हात, लुकलुकणारे तांबडे डोळे, खरखरता आवाज यांचे आज हसू येते. तथापि त्या यंत्रात माणूस नाही, म्हणून दया नाही, हे भयाचे बीज मात्र पक्के होते.

आपली बाहुली या कुलातली नव्हे. तिचे भय नेमके उलट्या कारणाने उत्पन्न होते. तिच्यात माणूस नाही असे नव्हे, तर फार आहे. तात्याचा हावरेपणा, त्याचा तोरा, बाहुलीच्या देहात अडकल्याचा त्याचा संताप, हे सारे मानवी आहे. त्याला पुन्हा मनुष्यदेह हवा आहे. दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजाने तो असा काही सजीव केला की, खलनायक असूनही तो परका वाटत नाही. ज्याचा स्वभाव कळतो त्याला हसता येते; आणि ज्याला हसता येते त्याचे भय सोसता येते.

या सजीवपणामागे मराठी रंगभूमीची जुनी पुण्याई आहे. ती बाहुली रामदास पाध्ये यांची. शब्दभ्रमाची कला त्यांना वडिलांकडून, यशवंत पाध्ये यांच्याकडून मिळाली. अर्धवटराव हा त्याच घराचा मानसपुत्र. पापडाच्या जाहिरातीतला सर्वपरिचित ससाही याच हातांतून उतरला. 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भावे यांनी घडविलेल्या बाहुल्यांना पुन्हा रंगमंच दाखविला तोही पाध्ये यांनीच. त्याहूनही मागे गेल्यास ज्ञानेश्वरीत सूत्राने हलणाऱ्या बाहुलीचा दृष्टान्त भेटतो. सूत्र कोणाच्या हाती, हा प्रश्न आपल्याकडे सातशे वर्षांचा आहे. तात्या विंचूची कल्पना परदेशी असली, तरी तिला हलविणारा हात या परंपरेतला आहे.

एक गोष्ट आम्हांस विशेष सूचक वाटते. 2019 साली ‘चाइल्ड्स प्ले’ नव्याने निघाला, तेव्हा त्यातल्या बाहुलीत आत्मा उरला नाही. ती यंत्रमानव झाली, आणि बिघडलेल्या आज्ञावलीमुळे खून करू लागली. 2013 च्या ‘झपाटलेला 2’ मध्ये मात्र तात्याचा आत्मा कायम होता. विचार करणारी यंत्रे घराघरांत शिरत असता, ज्या भयामागे निदान एक ओळखीचा माणूस होता त्या भयाची आठवण यावी, यात नवल नाही. जुन्या भयपटांची गोडी त्यांच्या उघड्या शिवणीत आहे. तेथे दोरा दिसतो, म्हणून शिवणारा हातही आठवतो.

तो हात मात्र चिरकाल राहणार नाही. लक्ष्मीकांत बेर्डे 2004 साली गेले. बाबा चमत्काराची भूमिका करणारे राघवेंद्र कडकोळ 2021 साली गेले. बाहुल्यांचे लाकूड झिजते, आवाजाची तंत्रे लिहून ठेवली नाहीत तर ती कलावंताबरोबर जातात. नाट्यसंहिता जपण्याची दक्षता आपण दाखविली. तीच या कलेच्या वाट्याला यावी. नवागामच्या ज्या मुलाला आपली भाषा प्रथम एका बाहुलीच्या तोंडून गोड लागली, त्याला त्या बाहुलीची वंशावळ सांगणे हे आपणा शिक्षकांचे काम आहे. बाहुलीपासून निघालेला तो मुलगा उद्या भाव्यांपर्यंत पोहोचेल, आणि कदाचित ज्ञानेश्वरीपर्यंतही.