अणुऊर्जा प्रकल्पांतील तीन मोठे अपघात आणि त्यांचे न संपलेले परिणाम

युक्रेनमधील प्रिप्यात शहर आजही उभे आहे. इमारती, शाळा, उद्यानातला मोठा आकाशपाळणा सगळे जागेवर आहे. माणसे मात्र नाहीत. २७ एप्रिल १९८६ रोजी तिथल्या सुमारे ४९ हजार रहिवाशांना बसमधून बाहेर नेण्यात आले. काही दिवसांत परत येऊ, असे त्यांना वाटले होते. ते शहर पुन्हा वसलेच नाही.

धोका नेमका कुठे असतो?

अणुभट्टीत युरेनियमच्या अणूंचे विखंडन होऊन उष्णता निर्माण होते. भट्टी बंद केली की विखंडन थांबते, पण इंधनातील किरणोत्सारी पदार्थ उष्णता सोडतच राहतात. म्हणून बंद भट्टीलाही सतत पाणी द्यावे लागते. पाणी कमी पडले, तर इंधन वितळू लागते.

थ्री माईल आयलंड, १९७९

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात २८ मार्च रोजी एक झडप उघडी राहिली आणि भट्टीतील पाणी बाहेर पडत गेले. नियंत्रण कक्षातील दिव्यावरून मात्र ती बंद असल्याचा समज झाला. जवळपास निम्मे इंधन वितळले. भोवतालच्या भक्कम काँक्रीटच्या कवचामुळे बहुतेक किरणोत्सारी पदार्थ आतच राहिले.

चेर्नोबिल, १९८६

२६ एप्रिलला मध्यरात्रीनंतर चाचणी सुरू असताना चौथ्या भट्टीचा स्फोट झाला. भट्टीच्या रचनेत दोष होते आणि तिला असे कवचही नव्हते. सुमारे १० दिवस किरणोत्सारी पदार्थ हवेत पसरत राहिले. दोन कामगार लगेच दगावले, तर किरणोत्सर्गाच्या तीव्र बाधेने आणखी २८ कर्मचारी आणि अग्निशामक जवान पुढच्या काही महिन्यांत मरण पावले. किरणोत्सारी आयोडीन दुधातून मुलांच्या पोटात गेले आणि पुढे हजारोंना थायरॉइडचा कर्करोग झाला. सुमारे साडेतीन लाख लोकांना कायमचे घर सोडावे लागले.

फुकुशिमा, २०११

जपानमध्ये ११ मार्चच्या भूकंपानंतर भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. पण त्सुनामीचे पाणी आपत्कालीन जनित्रांत शिरले, वीज गेली आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. किरणोत्सर्गाच्या तीव्र बाधेने कोणीही दगावले नाही. मात्र दीड लाखाहून अधिक लोक विस्थापित झाले. स्थलांतराचे हाल, तुटलेले उपचार आणि ताण यांमुळे वृद्ध आणि रुग्णांचे बळी गेले. फुकुशिमा प्रांतात अशा २,३०० हून अधिक मृत्यूंची नोंद आहे.

परिणाम इतके का टिकतात?

आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मे होते, म्हणजे काही महिन्यांत जवळपास संपते. सिझियम-१३७ निम्मे व्हायला मात्र ३० वर्षे लागतात. ते मातीत मुरते आणि तिथून पिकांत, अळंब्यांत आणि जनावरांत जाते. चेर्नोबिलमध्ये पडलेल्या सिझियमपैकी निम्मे २०१६ मध्येही शिल्लक होते. २०४६ मध्ये पाव भाग उरलेला असेल.

महाराष्ट्राशी संबंध

तारापूरच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमाप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. कोकणातील जैतापूर प्रकल्पाविरोधातील आंदोलनालाही फुकुशिमानंतर धार चढली.

फुकुशिमात आजही शेकडो टन वितळलेले इंधन पडून आहे. २०२४ मध्ये रोबोटने त्यातला पहिला नमुना बाहेर काढला. त्याचे वजन एक ग्रॅमही नव्हते.