विस्मरणावरील एका उपचाराचा इतिहास

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण या म्हणीने घरोघरच्या किती वृद्ध स्त्रियांना बोलण्याचालण्यातून वगळले असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. वयोमानाने एखादे नाव न आठवणे निराळे आणि जन्मभर केलेल्या स्वयंपाकाचा क्रमच विसरणे निराळे. हे दुसरे विस्मरण मेंदूच्या आजाराचे लक्षण असू शकते.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी तिला पेन, किल्ली अशा वस्तू दाखवून त्यांची नावे विचारली. ती तिने बरोबर सांगितली. पण थोड्याच वेळाने आपण काय पाहिले, हे तिला आठवेना. १९०६ मध्ये ती वारली. तिच्या मेंदूची तपासणी करून अल्झायमर यांनी त्याच वर्षी आपले निष्कर्ष मांडले आणि १९१० मध्ये या आजारास त्यांचे नाव मिळाले. आजार ओळखला गेला. रुग्णाशी वागावे कसे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

१९५८ मध्ये अमेरिकेतील टोपेका येथे डॉ. जेम्स फोल्सम यांनी एक पद्धत सुरू केली. रुग्णांना आजचा वार, तारीख, स्थळ यांची वारंवार आठवण करून द्यावयाची. हेतू चांगला होता; परंतु कोठे कोठे तिचे रूप शाळेतील उजळणीसारखे झाले आणि चुकलेला रुग्ण ओशाळा होऊ लागला.

हा दोष टाळणारी पद्धत लंडनमध्ये डॉ. एमी स्पेक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. २०१ रुग्णांवरील तिचा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान लहान गट, आठवड्यातून दोन याप्रमाणे सात आठवड्यांत चौदा बैठका. विषय बालपण, खाद्यपदार्थ, पैसे, गाणी, शब्दांचे खेळ. मुख्य नियम असा की, माहिती विचारू नये, मत विचारावे. रुग्णांची विचारशक्ती व मनाचे समाधान, दोन्हींत सुधारणा दिसली. पुढे चेन्नईतही ही पद्धत तमिळ माणसांना रुचेल अशी करून घेण्यात आली.

मग आपल्या खानदेशात ती का रुजू नये? सोनगीरची ख्याती तांब्यापितळेच्या भांड्यांची. आजींच्या हाती घागर देऊन ‘हे काय?’ असे विचारणे ही परीक्षा झाली. ‘घागर चिंचेने घासलेली बरी की राखेने?’ हा झाला संवाद. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. तरी त्यांच्या मुखी केवढे काव्य होते! आपल्या अनेक आजींचे धनही असेच कागदावर नसून कानांत व ओठांवर आहे. कोड्यांच्या पुस्तकापेक्षा जात्यावरची ओवीच त्यांना अधिक बोलके करील.

या उपायाने आजार समूळ जात नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. कारण थायरॉइडच्या विकाराने किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनेही विसर पडतो व त्यावर औषध आहे.

भगिनींनो, विसरणाऱ्या सासूला लोकांपुढे नेण्याचा संकोच वाटून सूनही घरातच अडकते. म्हणून मंडळाच्या भजनास, हळदीकुंकवास अशा आजींना आवर्जून बोलवावे आणि त्या एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागल्या, तरी कोणी हसू नये. एवढे तर आपल्या हातचे आहे.